आत फक्त मायक्रोफोन गेला

छावणीतल्या आत्याच्या घरात आधी कान जागे व्हायचे, मग डोळे. पहाटेची अजान होऊन गेली की थोड्या वेळानं लष्कराच्या बाजूनं बिगूल ऐकू यायचा. वाजवणारा नवा असला तर शेवटचा सूर घसरायचा, आणि मामा पांघरुणातूनच म्हणायचे, "नवीन पोरगं दिसतंय." मामा म्हणजे आत्याचे यजमान, लष्कराच्या दूधडेअरीत नोकरीला होते आणि बिगुलाच्या आधी कधी उठत नसत. त्यानंतर आत्याची परात. भाकरी थापताना तिच्या हातातल्या बांगड्या आणि ती पितळी परात यांचा एक ठेका धरला जायचा. तो ऐकून मला अंथरुणातच कळायचं की आत्या आज खुशीत आहे की कशावरून तरी फुगली आहे. मग चुलीवर भाजलेल्या मसाल्याच्या पिठाची, येसराची आमटी उकळायला लागायची आणि तिचा खमंग, जरासा जळका वास माझ्या खाटेपर्यंत यायचा. सोयगावाहून शिकायला म्हणून मी या घरी आले होते. वडिलांची कपाशीची शेती होती, घरात पुस्तकं नव्हती, पण "पोरगी हुशार हाय, शिकू दे" एवढं म्हणण्याइतका मोठा जीव त्या माणसाचा होता. आत्याची दोन्ही मुलं नोकरीला बाहेरगावी होती, त्यामुळे तिलाही मी हवीच होते.

शेजारी नूरजहाँ खाला राहायच्या. त्यांचे यजमान शिवणकाम करायचे. रविवारी त्यांच्याकडून झाकलेलं पातेलं यायचं, नान-खलियाचं. पिवळ्या, तुकतुकीत नानचा तुकडा त्या लालभडक रश्श्यात बुडवला की मामा बोलणं थांबवायचे. भिंतीपलीकडून शिलाई मशीनची घरघर दिवसभर चालायची. ती थांबली की आत्या विचारायची, "खाला, बरं हाय नं सगळं?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "हौ आपा, सुई टूट गई." आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, मी पुढे जे शिकले ते शिकण्याची तयारी त्या घरात आपोआप होत होती. पण तेव्हा हे आवाज आहेत असंही मला वाटत नव्हतं. ते नुसते असायचे, हवेसारखे.

कॉलेजात त्या वर्षी संध्याकाळचा एक नवा वर्ग निघाला. बोकील सर नावाचे गृहस्थ तो घेणार होते. मुंबईला बातमीपट आणि माहितीपट काढण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, आणि निवृत्त होऊन ते बायकोच्या माहेरच्या गावी, म्हणजे आमच्या औरंगाबादेत, राहायला आले होते. (शहराचं नाव आता बदललं आहे, माझ्या तोंडात मात्र त्या काळाबद्दल बोलताना जुनंच येतं.) उंच, वाकलेले, कायम मळका पांढरा सदरा. वर्गाकडे एक चावीचा कॅमेरा होता, घड्याळासारखी चावी भरली की थोडा वेळ चालणारा, आणि खांद्याला अडकवायचा एक टेपरेकॉर्डर. कॅमेऱ्याभोवती सगळ्या पोरांची झुंबड. टेपरेकॉर्डरकडे कोणी बघेना. मी वर्गातली एकटीच मुलगी, मागं उभी. सरांनी ते जड यंत्र उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुला हे. रागावू नकोस. कॅमेरा डोळ्यासमोरचं दाखवतो. याला भिंतीपलीकडचंही कळतं."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले आणि एक बटण दाबलं. तो क्षण मी कसा सांगू? समोर कॉलेजचं तेच पटांगण होतं, तोच लिंब. पण लिंबाची पानं एकमेकांवर घासताहेत हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. फाटकाबाहेरच्या सायकलवाल्याचा पंप फुसफुसत होता, तो जणू माझ्या कानाशी. कोणीतरी वहीचं पान उलटलं तर दार उघडल्यासारखं वाटलं. मी मायक्रोफोन वळवला की जग वळत होतं. एक चिमणी फांदीवरून उडाली आणि तिच्या पंखांचा आवाज, त्या एवढ्याशा जिवाचा, इतका मोठा होता की मी दचकून खांदे आवळले. सर हसत होते. मी हेडफोन काढले तेव्हा सगळं पुन्हा लहान आणि लांब झालं आणि मला रडू आलं. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही नीट येत नाही. आता माझ्या कानात छोटं यंत्र असतं, ते नसलं तर नातीचं बोलणं कळत नाही. ती म्हणते, "आजी, तुला सगळं मोठ्यानं सांगावं लागतं." तिला काय सांगू, या कानांनी काय काय ऐकलंय.

सरांचे नियम थोडे होते. मायक्रोफोन जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, पण माणसाला त्याचं ओझं व्हायला नको. आवाज धरणाऱ्यानं स्वतः बोलायचं नाही, खोकायचं नाही, बांगड्या घालायच्या नाहीत. कोणालाही "पुन्हा करून दाखवा" म्हणायचं नाही. ते म्हणायचे, "जे आपण नसतानाही होणारच आहे, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. एवढंच आपलं काम." सरावासाठी यंत्र घरी न्यायला त्यांनी परवानगी दिली. मी आत्याला न सांगता तिच्या भाकऱ्या टेपवर घेतल्या. खालांशी चाललेलं तिचं बोलणंही आलं. संध्याकाळी तिला ऐकवलं. ती चुलीपाशी उकिडवी बसून ऐकत होती. परातीचा ठेका ऐकून हसली, मग तिचंच बोलणं सुरू झालं आणि ती एकदम गंभीर झाली.

"ही मी व्हय?" तिनं विचारलं.

"तूच की."

"ही तर माझी माय बोलायली." तिनं पदर तोंडाला लावला. "अगं, हुबेहूब माय. मला ठावंच नव्हतं, ती माझ्यात बसलीय म्हणून."

तिची आई, म्हणजे माझी आजी, मी पाहिलेलीही नव्हती. मामा जेवता जेवता थांबले. त्या दिवशी मी ती फीत पुसायची ठरवली होती, कारण फितीची टंचाई होती. पुसली नाही.

वर्षाच्या शेवटी वर्गानं मिळून एक छोटा माहितीपट करायचा होता. अजिंठ्याजवळच्या वाड्यांवर पायी फिरणाऱ्या लीलाबाई नावाच्या सरकारी नर्स होत्या. त्यांच्या एका फेरीचा माहितीपट करू, असं सरांनी सुचवलं. रीळ इतकं कमी मिळालं होतं की प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार करायचा. कॅमेरा सलीमकडे होता. तो शहागंजातला, हातानं फार स्थिर, तोंडानं फार चंचल. सर, सलीम आणि मी असे तिघंच गेलो, कारण सर म्हणाले, गर्दी गेली की माणसं नाटक करायला लागतात. एसटी सोडून आम्ही लीलाबाईंच्या मागं ढेकळांतून चालत होतो. पन्नाशीच्या, ठेंगण्या, झपाझप चालणाऱ्या. पिशवीत औषधं आणि एक स्टीलचा डबा, त्यात उकळलेली कात्री. त्या वाटेत भेटेल त्या बाईला थांबवून विचारायच्या, "गोळ्या खाल्ल्या का? खोटं बोलू नको, मला डोळ्यात दिसतं."

तिसऱ्या प्रहरी एका वाडीत शिरलो तर एक माणूस धावतच समोर आला. नामदेव त्याचं नाव. त्याच्या बायकोला, रुख्मिणीला, कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. लीलाबाईंनी चालणं न थांबवताच विचारलं, "पाणी ठेवलंय का उकळायला?" आणि आम्ही सगळे त्यांच्या मागं त्या घरी गेलो. लहानसं मातीचं घर, पुढं ओसरी, एकच खोली. लीलाबाई थेट आत शिरल्या आणि आम्ही कोण, कशाला आलोय ते रुख्मिणीला सांगू लागल्या. दारात रुख्मिणीची सासू उभी होती. तिनं कॅमेरा पाहिला आणि दोन्ही हात आडवे केले.

"यंत्रबिंत्र आत न्यायचं नाय. पयलं पोर गेलंय आमचं. आता कोणाची नजर नको."

सरांनी लगेच मान डोलवली. सलीमला म्हणाले, "कॅमेरा ठेव. आपण अंगणाबाहेर बसू." आम्ही वळलोच होतो, तेवढ्यात आतून रुख्मिणीचा आवाज आला. दम लागलेला, पण स्पष्ट. "ते आवाज धरायचं यंत्र हाय म्हणं. ते कोणाकडं हाय?"

"या पोरीकडं," लीलाबाई आतून म्हणाल्या.

"मंग तिला येऊ द्या."

सासू म्हणाली, "रुख्मे, येडी झालीस का?"

"नाय सासूबाई." मध्ये कळ आली असावी, ती थांबली. मग बोलली, "पयल्या बारीला पोर झालं अन् कापडात गुंडाळून नेलं. रडलं का नाय रडलं, मला कोणी सांगितलं नाय. इचारलं तर म्हणायचे, तुला काय करायचंय. ह्या बारीला काय व्हईल ते हिच्या यंत्रात राहू द्या. मला ऐकायचंय."

नामदेव खाली बघत होता. सर दाराजवळ गेले, आत न बघता, पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, नंतर नको वाटलं तर ती फीत तुमच्या हातात देऊन आम्ही जाऊ. आत फक्त मायक्रोफोन येईल." सासू बाजूला झाली. लीलाबाईंनी मला दारातच बजावलं, "कोपऱ्यात बसायचं. मी सांगितलं की यंत्र ठेवायचं, हात धुवायचे अन् मदत करायची. जमंल?" मी म्हटलं, जमेल.

आत धूर होता, ओव्याचा वास होता, आणि एका झरोक्यातून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. मी कणगीला पाठ लावून बसले आणि हेडफोन चढवले. रुख्मिणी माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिचा श्वास माझ्या कानात इतका जवळ आला की माझा कुठला आणि तिचा कुठला हे मला कळेना. तिनं मुठीत धरलेली दोरी करकरत होती. लीलाबाईंचा आवाज खाली, सपाट, एखाद्या पोराला हात धरून रस्ता ओलांडून न्यावं तसा: "हां. आता थांब. आता जोर कर. शाब्बास माझी बाय." मी याआधी कोणाचं बाळंतपण पाहिलं नव्हतं. आमच्याकडे लग्न न झालेल्या पोरींना त्या बाजूला फिरकू देत नसत. माणूस असा येतो हे मला ठाऊक होतं, तसंच जसं समुद्र आहे हे ठाऊक होतं. आता मी त्याच्या काठावर बसले होते आणि मला दोन्ही हातांनी ती मायक्रोफोनची दांडी घट्ट धरून ठेवावी लागत होती.

मुलगी झाली. झाली हे दिसलं, ऐकू आलं नाही. ती निळसर होती आणि हात लोंबत होते. लीलाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठेव ते." मी मायक्रोफोन कणगीवर ठेवला, हेडफोन उतरवले, गरम पाण्यात हात बुडवले. त्यांनी एका नळीनं बाळाच्या घशातला चिकटा ओढून काढला आणि तिला माझ्या हातातल्या पंच्यात ठेवलं. "पाठ चोळ. घाबरू नको, चोळ." मी चोळत होते. त्या तळपायावर टिचक्या मारत होत्या, मग वाकून त्या इवल्या तोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकत होत्या. सासूनं भिंतीकडे तोंड केलं. रुख्मिणी विचारत होती, "रडंना का? ओ बाई, रडंना का?" आणि तिला उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. मग पंच्यातलं ते अंग माझ्या हाताखाली एकदम ताठ झालं, कोंबडीच्या पिल्लासारखा एक बारीक चीत्कार आला, आणि त्यामागोमाग ती रडली. अशी रडली की अंगणात नामदेव उठून उभा राहिला.

सलीमनं मला नंतर सांगितलं. सरांनी नामदेवची परवानगी घेऊन सलीमला ओसरीच्या पायरीशी उभं केलं होतं, बंद दारावर कॅमेरा लावून. आतला आवाज एकाएकी थांबला तेव्हा कॅमेरा चालू होता. थोड्या वेळानं चावी संपली. "मैं चाबी भरताच नै था," तो म्हणाला, "भरता तो कर्रकर्र आवाज होता. मेरेकू लगा, अंदर कुछ बिगड जाएगा." तो नुसता बंद कॅमेरा धरून उभा राहिला. रडणं ऐकू आल्यावर मग त्यानं चावी भरली आणि नामदेवचा चेहरा घेतला. तेव्हा त्याचे स्वतःचे डोळे वाहत होते. चित्र किंचित हललेलं आहे.

त्याच संध्याकाळी वाडीतल्या एका लिंबाखाली बसून आम्ही ती फीत ऐकली. रुख्मिणीचं शेवटचं ओरडणं संपलं आणि मग ती शांतता आली. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला त्या शांततेत एक बाई कुजबुजताना ऐकू आली. "रड की गं माय. रड. एकदा रड. कोणी काय म्हणनार नाय तुला, रड." मला वाटलं सासू असेल. मग आवाज ओळखला. तो माझा होता. मी बोलत होते याचा मला पत्ताही नव्हता. शहरात येऊन मी पुस्तकी बोलायला शिकले होते, वर्गात पोरं हसायची म्हणून. आणि इथं सोयगावच्या आमच्या गल्लीतली भाषा आपली आपण बाहेर आली होती.

"सर, एवढं कापून टाकते," मी म्हटलं.

"कापायचं नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, आवाज धरणाऱ्यानं बोलायचं नाही."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्या वेळी तू आवाज धरत नव्हतीस," ते म्हणाले. "बाळ धरलं होतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. रुख्मिणी बाजेवर बसली होती, बाळ मांडीवर, डोक्याला फडकं बांधलेलं. सासू चुलीपाशी शेवयांची खीर ढवळत होती. लीलाबाई दाराशी बसल्या होत्या. मी हेडफोन रुख्मिणीच्या कानांवर बसवले आणि फीत सुरू केली. ती ऐकत राहिली. स्वतःचं ओरडणं ऐकून लाजली, हसली. मग तिचं हसणं मावळलं, आणि तिचा हात नकळत बाळाच्या छातीवर गेला. मला कळलं ती कुठं पोचली आहे.

"हे इथं काय चाललंय?" कानांवर हेडफोन असल्यानं ती मोठ्यानं विचारत होती. "घास घास येतंय ते?"

"पंच्यानं तिची पाठ चोळत होते मी." मी एका कानावरून हेडफोन जरा सरकवून सांगितलं.

"अन् हे फू फू?"

"लीलाबाई. श्वास देत होत्या तिला."

ती ऐकत होती. आणखी थोडं. "मला वाटलं, समदे गप बसलेत," ती म्हणाली. "आता ही बी गेली, म्हणून गप बसलेत. कोणीच गप नव्हतं की." मग ती लीलाबाईंकडे वळली. "बाई, पयल्या बारीला असं केलं असंल का कोणी?"

लीलाबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "मी नव्हते गं तेव्हा. मला काय सांगता येईल."

चुलीपाशी ढवळणं थांबलं. सासू आमच्याकडे पाठ करूनच बोलली. "केलं व्हतं."

रुख्मिणीनं हेडफोन खाली ओढले.

"मी केलं व्हतं," सासू म्हणाली. "तोंडानं फुंकर घालीत बसले व्हते. ऊन वर येईस्तोर. एकदा रडलं ते. बारीक. मला वाटलं, आता जगतंय." पळी तिनं पातेल्यातच सोडून दिली. "तुला सांगायला जीभच उचलली नाय, रुख्मे. चार टाइम दारापस्तोर आले व्हते."

"रडलं व्हतं?"

"व्हय. एकदा."

रुख्मिणीनं बाळ मला दिलं. ती बाजेवरून उतरली, लीलाबाई "अगं, अगं" म्हणेपर्यंत चुलीपाशी गेली आणि सासूच्या खांद्यावर कपाळ टेकून बसली. खीर करपल्याचा वास आला तेव्हा लीलाबाईंनी उठून पातेलं उतरवलं. हे सगळं कोणत्याही फितीवर नाही. यंत्र तेव्हा ऐकवत होतं, ऐकत नव्हतं. मी ते दुसऱ्या कोणाला सांगितलंही नव्हतं. आता त्या सासू-सुना दोघीही नाहीत आणि रुख्मिणीच्या मुलीनंच "लिहा मावशी" म्हटलं म्हणून लिहिते आहे.

फीत रुख्मिणीनं मागून घेतली नाही. "राहू द्या, लोकांना ऐकू द्या," म्हणाली. सरांनी आणि आम्ही मिळून तो माहितीपट जोडला. बंद दाराचं ते चित्र त्यांनी तसंच ठेवलं. चावी संपते तिथं चित्र संपतं आणि पडदा काळा होतो, पण आवाज चालू राहतो: पंच्याचं घासणं, फुंकर, माझी कुजबुज, रुख्मिणीचं विचारणं. मग रडणं, आणि नामदेवचा हललेला चेहरा. वर्गातल्या एका पोरानं विचारलं, काळ्या पडद्यावर काहीतरी चित्र घालायला नको का. सर म्हणाले, "काय घालशील?" पडदा काळाच राहिला.

काही महिन्यांनी, दिवेलागण झाल्यावर, वाडीतल्या शाळेच्या भिंतीवर चादर बांधून आम्ही तो दाखवला. सगळी वाडी आली होती. रुख्मिणी पुढं बसली होती, आणि तिच्या सासूच्या मांडीवर ती पोरगी, चांगली बाळसेदार, तोंडात मूठ घालून झोपलेली. येणारा-जाणारा तिच्या गालाला हात लावून जात होता. तिला रोज बघणारीच सगळी माणसं. काय झालं, कसं झालं, हे प्रत्येकाला तोंडपाठ. तरी चादर काळी झाली तेव्हा त्या पटांगणात कोणी खोकलं नाही, कोणी पोराला दटावलं नाही. इतक्या माणसांनी एकत्र श्वास धरलेला मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता, आणि पुढं एवढी वर्षं या कामात घालवूनही फार वेळा नाही. मग भिंतीवरून ते रडणं आलं. माझ्या पुढच्या ओळीतला एक म्हातारा, ज्यानं शाळेत शिरताना त्याच पोरीला पाहिलं होतं, हात जोडून स्वतःशीच म्हणाला, "वाचली बाबा पोर." त्याला कोणी हसलं नाही.